मागच्या खांबाचा फोटो

नांदेड
४ ऑगस्ट २०१४

चि. शिवशंकर यास मावशीचे अनेक आशीर्वाद. सृष्टीला गोड पापा.

इकडे सगळं ठीक. पावसाळ्यात गुडघा कुरकुरतो तेवढा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. गोदावरीला अजून म्हणावं तसं पाणी नाही. विष्णुपुरीला धरणाच्या कडेचा गाळ उघडा पडलाय, त्यामुळे पाखरांची मात्र चैन आहे. तुमच्या लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणे. तुझं वसतिगृह टँकरवरच चालत असणार.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून पत्र. फोन मधेच तोडता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी चार ओळी वाचतोच, आणि मला चार ओळी पुरतात.

आता एक मजा सांगते. माझ्या त्या स्पॉटिंग स्कोपला तू नावं ठेवली होतीस, आठवतं? 'मावशी म्हातारपणी एका डोळ्यानं पाखरं बघते.' ठेव नावं. एका डोळ्याची का असेना, साठपट मोठं दाखवते ती दुर्बीण. अलीकडच्या काठावर उभं राहून पलीकडच्या बगळ्याच्या चोचीत मासा आहे की बेडूक, ते मला सांगता येतं. पण आपण डोळ्यानं पाहिलेलं दुसऱ्याला दाखवता येत नाही ना. म्हणून गेला महिनाभर मी त्या स्कोपला कॅमेरा जोडायच्या मागे लागलेय.

आधी आपला छोटा डिजिटल कॅमेरा नुसता हातानं टेकवून पाहिला. फोटोत काय आलं? काळं मैदान, मधे रुपयाएवढा गोल आणि त्या गोलात धुकं. कॅमेऱ्याचं भिंग स्कोपच्या भिंगासमोर अगदी मध्यावर यावं लागतं, केसभर सरकलं की अर्धा गोल काळा. तू अकरावीच्या पोरांना प्रकाश शिकवतोस, तुला कारण सांगायला नको. मग दोन्ही वस्तू पिशवीत घालून नळाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि काउंटरवर मांडल्या. म्हटलं, असा पाइपाचा तुकडा द्या की याच्या एका तोंडात हे बसेल अन् दुसऱ्यात हे. दुकानदार बघतच राहिला. म्हणाला, "बाई, गळती कुठं हाय तुमची?" मी म्हटलं, "लातूरला."

शेवटी पीव्हीसीचा एक रिड्यूसर जमला. सैल जागा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भरली. आतून पांढरा होता, उजेड आत आपटून फोटो फिकट यायचा, तर आतून शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग दिला. बाजूनं तीन स्क्रू, ते पिळून मध्य साधायचा. बटण बोटानं दाबायचं नाही, नाहीतर सगळंच हलतं. दहा सेकंदांचा सेल्फ-टाइमर लावायचा आणि हात मागे बांधून उभं राहायचं. तिवईच्या पोटाला पाच किलो ज्वारीची पिशवी टांगली की वाऱ्याचंही काही चालत नाही.

रेणुकादास सर रोज सकाळी धरणावर फिरायला येतात. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं बांधकाम शिकवून निवृत्त झालेत. माझा हा कारभार बघून म्हणाले, "बाई, एवढी खटपट कोणत्या पक्ष्यासाठी?"

मी म्हटलं, "चार मजली आहे."

आता कळलं असेल तुला. शिवा, मी तुझ्या वसतिगृहाच्या मागच्या खांबाबद्दल बोलतेय. पाडव्याला चौथ्या मजल्याचं उद्घाटन होतं. तू माइक हातात घेऊन तुझी नेहमीची गोष्ट सांगितलीस: किल्लारीला भूकंप झाला तेव्हा घटक चाचणी होती म्हणून मावशीनं मला नांदेडलाच ठेवून घेतलं, घरातलं सगळं गेलं आणि मी राहिलो, तेव्हा मुलींनो, परीक्षेला घाबरू नका, परीक्षा माणसाला वाचवते. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथं बसवेना. मी उठून मागच्या बाजूला गेले, म्हणून ती भेग दिसली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली जो कोपऱ्याचा खांब आहे, त्यावर तिरपी, वरून खाली. तुला बाजूला घेऊन सांगितलं तर तू म्हणालास, "मावशी, तुला सगळीकडं भूकंपच दिसतो. पालक आलेत, हळू बोल." मी हळू बोलले नाही, ही माझी चूक. त्यानंतर तू वॉचमनला सांगून ठेवलंस की या बाईंना आत सोडायचं नाही. ती तुझी चूक. फिटंफाट झाली.

इमारत तीन मजल्यांच्या हिशेबानं उभी केलीस. चौथा मजला नंतर चढवलास. त्यावर चाळीस हजार लिटरची टाकी, आणि टँकर येतो तेव्हा ती काठोकाठ भरून ठेवतोस. चाळीस हजार लिटर म्हणजे चाळीस टन. हे गणित तू स्वतः फळ्यावर करतोस. खाली एकशे चाळीस मुली झोपतात. आणि पुढच्या फाटकावर नाव कुणाचं आहे? 'गौरम्मा विद्यार्थिनी वसतिगृह.' माझ्या बहिणीचं, तुझ्या आईचं.

मी दहा तारखेला लातूरला येतेय. तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या मागच्या गल्लीपलीकडे तुळजाबाईंची खानावळ आहे, त्यांच्या गच्चीवरून तुझा मागचा खांब सरळ समोर दिसतो. तिथून मी फोटो काढणार आहे. चोरून नाही, तुला आधी कळवून.

प्रकृतीला जप.

तुझी,
मावशी

◆

लातूर
२१ ऑगस्ट २०१४

चि. शिवा यास अनेक आशीर्वाद.

माझं पत्र मिळालं हे समजलं. उत्तर आलं नाही, पण चौदा तारखेला सकाळी बघते तर तुझ्या इमारतीच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. बांधकामावर लावतात तसली. तुळजाबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्या भाच्यानं घराला पदर घेतला की ओ!"

आधी तुळजाबाईंबद्दल. औसा तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर शेती दिराकडे सोपवून इथं आल्या आणि कोचिंगच्या पोरांना डबे करून घालतात. मला राहायला खोली दिली, भाडं विचारलं तर रागावल्या. पहिल्या दिवशी माझा तो पाइपाचा जोड बघून म्हणाल्या, "तुमी पाखरं बघाय लागल्या का माणसं?" मी सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "त्या तिसऱ्या मजल्यावरल्या चार पोरी माज्याकडं जेवाय येत्यात. एकीचं तर दात बी पडून आलं न्हाईत वाटतंय इतकी बारकी हाय. काडा तुमी फोटो. म्या ज्वारी देते पिशवीत घालाय, तुमची पाच किलो कमी पडंल."

मी नुसतेच फोटो काढत नाही, हे तुला नीट सांगते, म्हणजे पुढं तू 'मावशीच्या डोळ्यांना भास होतो' म्हणायला नकोस. नांदेडहून निघताना रेणुकादास सरांनी बजावलं होतं, "मापाशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र, बाई. चित्रावर कोणी इमारत रिकामी करत नाही." लांबून माप कुठून आणायचं? तीन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की त्या खांबाला लागूनच सांडपाण्याचा पाइप उतरलाय. तो एकशे दहा मिलिमीटरचा. असले पाइप सगळीकडे सारखेच. फोटोत पाइपाची रुंदी कॉम्प्युटरवर किती ठिपके भरते ते मोजायचं, भेग किती ठिपके भरते ते मोजायचं, आणि त्रैराशिक मांडायचं. पाचवीचं गणित आहे, मीच तुला शिकवलंय.

जागाही बदलायची नाही. गच्चीवर तिवईच्या तीन पायांखाली मी खडूनं तीन गोल केलेत, तुळजाबाई झाडताना तेवढे सोडून झाडतात. सकाळी पावणेसात ते साडेसात एवढाच वेळ मिळतो. त्यानंतर मधल्या घरांचे पत्रे तापतात, हवा हलायला लागते आणि स्कोपमधून तुझी सगळी इमारत पाण्यात उभी असल्यासारखी डुलते. त्या हवेत काढलेला फोटो मी मोजत नाही, फेकून देते. मला तुला फसवायचं नाही आणि स्वतःलाही नाही.

जूनमध्ये तू ती भेग बुजवून वरून रंग दिलास, हे तुळजाबाईंकडून कळलं. बरं झालं. जुनी भेग असती तर ती कधीची आहे हे कुणाला सांगता आलं नसतं. आता तुझ्या नव्या कोऱ्या रंगातून ती पुन्हा वर आली आहे, म्हणजे ही सगळी जूननंतरची. बारा ऑगस्टला चार मिलिमीटर होती. जाळी लावण्याआधीचा तो एकच चांगला फोटो.

जाळी लावलीस तरी मी घरी गेले नाही. वारा सुटला की जाळीचा खालचा डावा कोपरा उचलतो, कारण तिथं तुझ्या माणसानं सुतळीची गाठ आळशीपणानं मारलीय. टाइमरचे दहा सेकंद आणि वाऱ्याची झुळूक एकत्र यावी लागते. परवा सकाळी एकसष्ट फोटो काढले. अठ्ठावन्न हिरवे. तीन फोटोंत खांब आला. सहा मिलिमीटर.

आठ दिवसांत चाराचे सहा झाले, शिवा.

मी तुझं वाटोळं करायला निघालेली नाही. टाकी रिकामी कर. वरचे दोन मजले आधी खाली कर, मग बाकीचे. रेणुकादास सर स्वतः येऊन बघायला तयार आहेत, एक पैसा घेणार नाहीत. खांबाला टेकू देता येतो, वरचा मजला उतरवता येतो, वर्ष बुडेल पण सगळं निस्तरता येतं. सोबत तिन्ही फोटोंच्या प्रती आणि गणिताचा कागद पाठवते. वॉचमननं पाकीट घेतलं नाही तर तुळजाबाई डब्यांच्या पिशवीतून आत पाठवणार आहेत. त्यांच्या डब्याला कुणी अडवत नाही.

काल जाळीचा तो कोपरा उचलला तेव्हा स्कोपमधून सृष्टीचा पिवळा फ्रॉक तुमच्या तळमजल्याच्या दोरीवर वाळत घातलेला दिसला. मी लगेच स्कोप दुसरीकडे फिरवला. मी तुमच्या घरात बघत नाही. फक्त खांब बघते.

तुझी,
मावशी

◆

लातूर
८ सप्टेंबर २०१४, अनंत चतुर्दशी

चि. शिवा,

आज आशीर्वाद शेवटी लिहीन. तोवर तू ते घेशील की नाही मला माहीत नाही.

सहा तारखेचा फोटो सोबत आहे. नऊ मिलिमीटर. भेगेच्या खालच्या टोकाला सिमेंटची खपली सुटलीय आणि आतली सळई दिसते. मी सात वेळा मोजलं.

परवा तू गल्लीच्या तोंडाशी तुळजाबाईंना गाठून म्हणालास, "मावशीला सांगा, जिनं मला वाचवलं तिनं माझं असं करू नये." त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. एकवीस वर्षं मी हे ऐकत आले आणि गप्प बसले. गप्प बसायची सवय इतकी लागली की तेच खरं वाटायला लागलं होतं. आज सांगते. बसून वाच.

भूकंप अचानक झाला असं सगळे म्हणतात. तू तेव्हा शिकायला माझ्याजवळ होतास, तुला कुणी वेगळं सांगितलं नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी, ब्याण्णवच्या पावसाळ्यात, किल्लारीला धक्के बसत होते. भांडी पडायची, जमिनीतून गडगड आवाज यायचा. लोक भ्याले. तुझे वडील गुरुपादप्पा यांनी शेतात पत्र्याची खोप घातली आणि सगळी माणसं तिथं झोपायला लागली: तुझे आजी-आजोबा, तुझी आई, धाकटी जगू. (तिचं नाव माझ्यावरून ठेवलं होतं, तुला आठवत असेल.) गारठा पडला, जगूला खोकला धरला. तेव्हा तुझ्या आईनं मला पत्र लिहिलं, 'अक्का, तू सायन्स शिकवतीस. आम्ही काय करावं ते लिही. तू म्हणशील तसं करू.'

मी काय लिहिलं ते तुला वाचायला मिळावं म्हणून तेच पत्र या पाकिटात घातलंय. निळं अंतर्देशीय, १९ नोव्हेंबर १९९२. तरीही माझ्या हातानं पुन्हा उतरवते, ते मला उतरवलंच पाहिजे:

'गौरा, तुम्ही शिकलेल्या घरातली माणसं असून असे अडाण्यासारखे काय वागता? दख्खनचं पठार जगातल्या सगळ्यात स्थिर खडकांपैकी आहे. इथं मोठा भूकंप होऊच शकत नाही, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. तुमच्या घराच्या भिंती तीन हात रुंद, त्यांना काय होतंय? लेकराला उघड्यावर निजवून निमोनिया कराल. घरात झोपा.'

पुस्तकात तसंच होतं, शिवा. सगळ्या पुस्तकांत तसंच होतं. मोठमोठे लोक तसंच म्हणत होते. ही पळवाट मला एकवीस वर्षं तोंडपाठ आहे. पण मी नांदेडहून किल्लारीला गेले नाही. एक दिवसाची रजा काढून, एसटीत बसून, त्या भिंतीजवळ उभी राहिले नाही. जमीन एक रात्र पाठीखाली घेतली नाही. भिंती दगड-मातीच्या, वर माळवदाची हातभर माती, हे मला माहीत होतं. मी भिंतीची रुंदी सांगितली, वजन सांगितलं नाही. न बघता लिहिलं आणि मास्तरणीच्या तोऱ्यात लिहिलं.

भूकंपानंतर चौथ्या दिवशी मी तिथं पोचले. तुमच्या शेजारच्या शिवम्मा जिवंत होत्या, रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. मला बघून त्या रडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमचं पत्र आलतं तवा गुरुपादप्पानं पारावर वाचून दाखिवलं समद्यांला. म्हणले, आता मास्तरीणच म्हणाय लागली म्हणल्यावर काय भ्यायचं? त्याच दिशी बाजा उचलून घरात आणल्या. पुन्ना कुणी भाईर निजलंच न्हाई. आमी बी न्हाई." त्यांचा मुलगा गेला होता. त्या मला एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जवानांनी ढिगाऱ्यातून तुझ्या आईची पत्र्याची पेटी काढून दिली. त्यात हळदकुंकवाच्या कोयरीखाली हे पत्र होतं, आठ घड्या घातलेलं. जपून ठेवलं होतं रे तिनं.

आणि ती घटक चाचणी. तुझ्या आईनं निरोप धाडला होता की शिवाला गणपतीला पाठव, आजोबा वाट बघतात. तू रडलास. मी तुला ठेवून घेतलं ते माझ्या हौशीपायी, वर्गात तुझा पहिला नंबर जाऊ नये म्हणून. मला काहीही आधी दिसलं नव्हतं. तू वाचलास तो योगायोगानं. बाकीचे गेले त्यात माझ्या अक्षराचा हात होता. तू माइकवरून जेव्हा जेव्हा ती गोष्ट सांगतोस आणि लोक माझ्याकडे वळून बघतात, तेव्हा मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटतं.

हे मी तुला आधी का सांगितलं नाही? कारण माझं दुसरं कुणी नाही. तू 'मावशी' म्हणून हाक मारायचा थांबशील, याची मला भीती वाटायची. अजून वाटते. पण त्या भीतीपेक्षा नऊ मिलिमीटर मोठे आहेत.

तेव्हापासून मी न बघता काही बोलत नाही. बघायला मिळत नसेल तर बघायची युक्ती काढते. पाइपाला काळा रंग देऊन, ज्वारी टांगून, वाऱ्याची वाट बघून का होईना, पण बघते. तू मला वेडी म्हण. या वेळी मी बघितलंय, शिवा. मोजलंय. म्हणून लिहितेय.

आता ऐक. येत्या रविवारी पालक मुलींना भेटायला येतात. या फोटोंच्या मी एकशे चाळीस प्रती काढल्यात. शनिवारी सकाळी पावणेसातला मी गच्चीवर असेन. त्या वेळी टाकीत पाणी असेल, तर रविवारी मी तुझ्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसेन आणि प्रत्येक आईच्या हातात एकेक प्रत देईन. एक प्रत कलेक्टर कचेरीत जाईल. पोलिसांना बोलाव, मी त्यांनाही एक देईन. तुझं नाव जाईल, कोचिंग जाईल. माझ्या गौराचं एकुलतं उरलेलं लेकरू मी माझ्या हातानं बुडवेन. पण ते बुडालं तरी जिवंत राहील, आणि त्या एकशे चाळीसही.

तुझ्या आईनं मला विचारलं होतं तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. तू तर विचारलंही नाहीस. तरी सांगते: घरात झोपू नका.

आशीर्वाद आहेत. घ्यायचे तर घे. खाली 'मावशी' लिहीत नाही, ते तू ठरव.

जगदेवी

◆

लातूर
१३ सप्टेंबर २०१४

चि. शिवशंकर यास अनेक अनेक आशीर्वाद.

सकाळी पावणेसात. मी स्कोपला डोळा लावण्याआधीच तुळजाबाई खालून ओरडल्या, "बाई, जाळी न्हाई! पदर काडला की!" पाठोपाठ पाण्याचा आवाज आला.

टाकीचा व्हॉल्व्ह तू पूर्ण सोडला होतास. मागच्या गल्लीत पाण्याचा लोट. लातुरात असं पाणी कुणी वाया जाऊ देतं होय? पाच मिनिटांत सगळी गल्ली घागरी, बादल्या, ड्रम, कुकरसुद्धा घेऊन धावली. तुळजाबाईंनी पिठाचा डबा रिकामा करून लावला. आणि पुढच्या फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, ट्रंका, गाद्या, पुस्तकांची गाठोडी, एकीच्या डोक्यावर पंखा. त्या बारक्या पोरीला ट्रंक उचलेना, तर तू दुसरी कडी धरलीस. मंगल कार्यालयात त्यांची सोय केलीस आणि दोन्ही वेळचं जेवण खानावळीतून सांगितलंस, हे मला नंतर कळलं. तुळजाबाई एकशे चाळीस ताटांच्या काळजीत आहेत आणि इतक्या खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

साडेसात होत आले तेव्हा तू मागच्या गॅलरीत आलास. एकटाच. हातात पट्टी होती. खांबाजवळ वाकलास, पट्टी भेगेवर धरलीस, पुन्हा धरलीस. मग तसाच उभा राहिलास, खांबाला तळहात लावून. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग आत गेलास आणि वर्गातला पांढरा बोर्ड घेऊन आलास. कठड्याला टेकवून ठेवलास, माझ्याकडे तोंड करून.

पत्रे तापायला लागले होते, अक्षरं हलत होती. स्कोपमधून एका वेळी वीतभर जागा दिसते, सगळा बोर्ड एकदम दिसत नाही. मला आधी मधली ओळ सापडली.

'नऊ नाही. अकरा.'

मला हसू आलं. लहानपणीही तू असाच होतास, माझं गणित तपासायचास. मी स्कोप खाली सरकवला.

'पत्र वाचलं. अजून बोलता येत नाही.'

नको बोलूस. तुला लागेल तेवढा वेळ घे. वर्ष घे, दोन घे. राग आला तर तोही येऊ दे, तो तुझा हक्काचा आहे, मी कुठं जात नाही. रेणुकादास सर उद्या सकाळच्या गाडीनं येतायत. त्यांना खांबाजवळ जाऊ दे. आता लांबून बघायची गरज नाही.

वरची ओळ मी सगळ्यात शेवटी बघितली. ती बघायचं धाडस होत नव्हतं. एकच शब्द होता, पुढे स्वल्पविराम. मी टाइमर लावायचा विसरले आणि बोटानंच बटण दाबलं, म्हणून फोटो हलला. काही वाचता येत नाही त्यात. कुणाला दाखवला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण मी तो शब्द बघितलाय, म्हणून लिहिते.

तुझी,
मावशी